क्लायंटची खुर्ची

"ताई, तुमचे पती दारू प्यायचे, असं तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं होतं ना?"

मृणालनं मला हे विचारलं. भर वर्गात. आवाज मऊ, मान जराशी वाकडी, डोळे माझ्या डोळ्यांत. जसं शिकवलं होतं अगदी तसं.

मी समोरच्या खुर्चीत. मला नवरा नव्हता, माझं लग्नच झालेलं नव्हतं. पण त्या तासापुरती मी कापसाच्या मुलखातली एक विधवा होती. समाजकार्याच्या कॉलेजात हे असं असतं. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकीत वर्कर बसतो, म्हणजे मदत करणारा. दुसरीत क्लायंट, म्हणजे ज्याचं काही तरी बिघडलेलं आहे तो. बाकीचा वर्ग भोवती बसून बघतो. याला आम्ही लॅब म्हणायचो.

क्लायंटच्या खुर्चीत सर नेहमी मलाच बसवायचे. मी दिग्रसकडच्या तांड्यातली. गोरमाटी, म्हणजे बंजारा. माझी मराठी शाळेत शिकलेली आणि शेतात मळलेली. "हिला अॅक्टिंग करावी लागत नाही," असं सर म्हणायचे आणि वर्ग हसायचा. मी पण हसायची. हसली नाही तर लागलं असं दिसेल, आणि लागलं असं दिसलं तर सर त्यावरही काही तरी शिकवतील, याचं भेव असायचं.

पण त्या दिवशीचा प्रश्न खोटा नव्हता. तो माझ्या याडीचा होता. याडी म्हणजे माझी आई. डॉक्टरला तसं खरंच सांगितलं होतं ते तिनं. आणि ही गोष्ट मी जन्मात एकाच जागी बोलली होती, होस्टेलच्या पायरीवर. मृणाल तिथं माझ्या मागं बसून माझी वेणी घालत होती.

माझ्या तोंडातून शब्द निघेना. ओढणी हातात आली आणि मी ती पिळत बसली.

"गुड," सर म्हणाले. "सायलेन्स बघा सगळ्यांनी. क्लायंट डिफेन्सिव्ह झाली."

मग फीडबॅक. एकजण म्हणाला, क्लायंटनं नजर टाळली. दुसरी म्हणाली, क्लायंटचे हात अस्वस्थ होते. मृणालच्या प्रश्नाचं कौतुक झालं. आणि सर फळ्याकडे वळून म्हणाले, "भटक्या समाजांत व्यसनाधीनता हा फार मोठा फॅक्टर आहे. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी पण लिहून घेतलं. माझ्याच हातानं, माझ्याच पेनानं. आज आठवलं की त्या हाताचा राग येतो. पण तेव्हा सर म्हणाले लिहा, की हात लिहायचा. त्याला सवयच तशी लागली होती.

खरं काय ते आधी सांगते.

माझा बाप दारू पीत नव्हता. आमच्या तांड्यात पिणारे होते, नाही कशाला म्हणू, पण माझा बाप त्यांतला नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जायचा. पाठीवर पंप, तोंडाला याडीच्या जुन्या लुगड्याची चिंधी. कापसाची पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर गेलेली आणि औषध वाऱ्यानं परत त्याच्याच तोंडावर. त्या दिवशी शेतातून आला तो डोळे चोळत. दिसत नाही म्हणाला. मग ओकाऱ्या. मालकानं गाडी काढली, हे खरं. पण गाडीत पूर्ण रस्ताभर मालक याडीला एकच गोष्ट शिकवत होता. दारू पिऊन होता असं सांगायचं. औषधाचं नाव काढलं तर पोलीस येतील, तुलाच आत टाकतील, आणि उद्यापासून माझ्या शेतात तुम्हाला काम नाही. मी याडीला चिकटून बसली होती. शाळेचा फ्रॉक अंगात होता. मी सगळं ऐकलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दारू पिऊन आहे का. याडीनं मालकाकडं पाहिलं. मग हो म्हणाली.

बाप तिथंच गेला. मालकावर काही आलं नाही. तांड्यात मात्र दारू पिऊन मेला हेच राहिलं, आणि याडी तेव्हापासून कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. चुडा उतरवला, आरशाची कांचळी, आमची चोळी, ट्रंकेत टाकली, आणि दुसऱ्या वर्षी त्याच मालकाच्या शेतात कापूस वेचायला गेली. नाही जाऊन काय करणार होती?

हे सगळं मी पायरीवर सांगितलं होतं. आता पायरी म्हणजे काय ते. आम्ही चौघी एका खोलीत. सुनंदा केळापूरकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, तिच्या पोडावरून कॉलेजात आलेली पहिलीच पोरगी. विशाखा राळेगावची, तोंडानं भलती फटकळ. मृणाल पुसदच्या नोकरदार घरातली, आजोबा हेडमास्तर, वडील कचेरीत. आणि मी. फील्डवर्कवरून आलो की जेवणाची घंटा होईपर्यंत आम्ही होस्टेलच्या पायऱ्यांवर बसायचो, एकीच्या मागं एक, आणि पुढचीचे केस विंचरायचो. सगळ्यांची तोंडं पाण्याच्या टाकीकडं. कोणी कोणाचं तोंड पाहत नव्हतं.

वर्गात शिकवत की समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मगच तो मोकळा होतो. आम्ही मोकळ्या व्हायचो त्या टाकीकडं बघून. फील्डवर कोण रडलं, कोणावर कुत्रं सोडलं, कोणत्या सरपंचानं नको तिथं हात लावला, सगळं तिथं निघायचं. मागची काही विचारत नव्हती. फक्त कंगवा चालू राहायचा. जास्त लागलं असेल तर जास्त तेल. आमचा आधार म्हणाल तर तो एवढाच होता, आणि मला तो पुरेसा वाटत होता.

त्या लॅबनंतर पायरी मोडली.

मृणाल नेहमीसारखी कंगवा घेऊन येऊन बसली. मी तिच्यापुढं बसली नाही. विशाखानं तिच्या हातातला कंगवा काढून घेतला आणि काही बोलली नाही. विशाखा बोलत नाही म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. मृणाल रडायला लागली. म्हणाली, "सर म्हणाले माझं प्रोबिंग वीक आहे, मला खोदून विचारता येत नाही. मार्क जातील म्हणाले. मला भीती वाटली गं."

भेव तर मलाही वाटतं. मी काय तुझं घर उघडं केलं? हे मनात आलं, पण मी बोलली नाही. उठून खोलीत गेली. खरं सांगायचं तर मला तिच्यावरच्या रागापेक्षा सरांचं भेव जास्त होतं, कारण तास सुटता सुटता सरांनी एक गोष्ट जाहीर केली होती.

ती वर्षंच तशी होती. कापसाचं वाटोळं झालेलं, आणि आमच्या जिल्ह्यात दुःख बघायला लोक गाड्या करून यायचे. आता आमच्या कॉलेजातही बाहेरून पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर लॅब करून दाखवायची होती. हीच जोडी, सर म्हणाले. हाच प्रश्न. आणि मला म्हणाले, "तुझ्या आईचा तो आरशांचा पोशाख घेऊन ये. ऑथेंटिक वाटेल."

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनच्या दारात गेली. आत जायच्या आधी इतका घाम आला की कुडता पाठीला चिकटला. म्हटलं, सर, माझ्याऐवजी दुसरं कोणी बसवता का. माझ्या घरची गोष्ट आहे ती.

त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. म्हणजे त्यांना कळलेलं होतं. चष्मा पुसत म्हणाले, "तू प्रोफेशनल व्हायला आलीस ना? मग स्वतःच्या जखमा बाजूला ठेवायला शीक. आणि फील्डवर्कचे मार्क माझ्याकडे आहेत, हे मी तुला सांगायला हवं का?"

मी म्हटलं, "नाही सर." बाहेर आली.

फील्डवर्कमध्ये नापास म्हणजे बाकी सगळ्या पेपरांत पास होऊनही वर्ष गेलं. वर्ष गेलं की स्कॉलरशिप गेली, होस्टेलची खाट गेली. आणि मामा तर वाटच पाहत होता. दिग्रसच्या जिनिंगवर कामाला असलेला एक मुलगा त्यानं माझ्यासाठी पाहून ठेवला होता. एवढं शिकून काय करते, घरी आण तिला, असं तो याडीला दर बाजारच्या दिवशी ऐकवायचा. याडी मालकापुढं बोलली नाही, मामापुढं काय बोलणार? मी घरी परत गेली की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हापासून मला घास उतरेना. स्टँडवर जाऊन दिग्रसची एसटी धरावी आणि कोणाला न सांगता निघून जावं असं वाटायचं. मग वाटायचं, जाऊन तरी कुठं जाणार. याडीसमोर कसं उभं राहायचं? तुझी कांचळी दे, मला तू व्हायचं आहे, असं सांगायचं का?

सुनंदानं एक दिवस मला धरून पायरीवर बसवलं. मृणाल नव्हती. सुनंदा मागं, मी पुढं, विशाखा खालच्या पायरीवर शेंगा फोडत. मी सांगितलं सरांचं.

विशाखा म्हणाली, "पोट दुखते म्हन त्या दिवशी. नाही तं मी तुले इतका ठेचा चारीन का खरंच दुखन."

मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. सुनंदा हसली नाही. ती तशी कमी बोलायची. कोलामी मनात जुळवून मराठीत आणायला तिला वेळ लागायचा आणि वर्गाला वाटायचं ही मंद आहे.

"तुह्यं पोट दुखलं तं तो दुसरीले बसवन," ती म्हणाली. "तुही माय तं त्या खुर्चीत बसनच."

हे मला सुचलंच नव्हतं. मी मला वाचवायला बघत होती.

मग ती म्हणाली की तिला पण सरांनी सांगून ठेवलं आहे. लॅबनंतर पाहुण्यांसमोर पोडावरचा नाच करून दाखव. चार पोरी घेऊन ये तुमच्यातल्या. तिनं हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. काहून नाही सांगितलं, विशाखानं विचारलं. सुनंदा म्हणाली, "भेव वाटते. नाही म्हणाचं कसं तेच माहीत नाही मले. आमच्यात कोणी कधी म्हटलं नाही."

आमच्यातही नाही. विशाखाच्या घरी नाही म्हणायची रीत होती, बाबासाहेबांचा फोटो होता, पण ती म्हणाली की घरात नाही म्हणणं वेगळं आणि मार्क देणाऱ्यासमोर वेगळं. मग तिघींनी एवढंच ठरवलं. कोणीच बसायचं नाही. मला बसवलं तर मी नाही म्हणायचं, सुनंदाला बसवलं तर सुनंदानं, विशाखाला तर विशाखानं. कारणं सांगायची नाहीत, नाही तर सर त्यांतच अडकवतील. नाही, एवढंच. सुनंदानं माझ्या डोक्यावर तेलाची बाटली जवळजवळ पालथी केली. कपाळावरून ओघळ आले तरी मी पुसले नाहीत.

पाहुणे आले. हॉलमध्ये झेंडूचे हार, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, मधोमध त्या दोन खुर्च्या. मृणाल वर्करच्या खुर्चीत आधीच बसलेली. मी रोजच्या कुडत्यात गेली.

"पोशाख कुठे आहे?" सरांनी हळू विचारलं.

"आणला नाही, सर."

त्यांनी हसू तसंच ठेवलं. "बरं. बस."

मी उभी राहिली. मला वाटलं आता मी बसणार. बसायला काय लागतं, दोन पावलं टाकायची. शरीर बसायलाच निघालं होतं. तेवढ्यात मागून कोणी तरी खोकललं, ती विशाखा होती, आणि मी म्हटलं, "सर, मी बसणार नाही."

सरांनी सुनंदाला बोलावलं. ती उठून उभी राहिली आणि तिच्या तोंडातून आवाजच निघाला नाही. नुसती मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिली. विशाखाला बोलावलं. एवढी फटकळ विशाखा, तिचा आवाज चिमणीएवढा झाला. "नाही सर." बाकीच्या वर्गानं माना खाली घातल्या. मी कोणाला दोष देत नाही, त्यांच्याही घरी कोणी तरी वाट पाहत होतं.

"ग्रामीण मुली आहेत," सर पाहुण्यांना म्हणाले. "संकोच असतो." मग त्यांनी मृणालला क्लायंटच्या खुर्चीत जायला सांगितलं आणि वर्करच्या खुर्चीत स्वतः बसले.

मृणाल उठली आणि त्या खुर्चीत बसली. माझ्या याडीच्या जागी.

सरांनी मान वाकडी केली, आवाज मऊ केला. "ताई, तुमचे पती दारू प्यायचे, असं तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं होतं ना?"

मृणालनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "हो. प्यायचे."

आणि तेव्हा मला याडी समजली. इतकी वर्षं मनातल्या मनात मी तिला विचारत होती, एक शब्द तर होता, काहून नाही बोलली? आता मी तिथंच उभी होती. समोर मोठा माणूस, त्याच्या हातात माझी भाकर, आणि तोंड आपोआप हो म्हणायला निघालेलं. मला इतकं भेव वाटत होतं की लघवी होईल असं झालं होतं. तिलाही तसंच झालं असणार.

"नाही," मी म्हटलं. आवाज फाटला. पुन्हा म्हटलं. "नाही. माझा बाप दारू पीत नव्हता. तो फवारणीच्या औषधानं मेला. माझ्या आईला हो म्हणायला लावलं होतं. ती भ्याली होती."

पाहुण्यांतल्या एका बाईनं शेजारच्याला विचारलं, हे रोल प्लेमध्येच आहे का. शेजारच्याला माहीत नव्हतं. सर उठले, आणि आपण चहा घेऊ या म्हणाले.

नंतर जे झालं ते सिनेमात होतं तसं नव्हतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी आम्हाला केबिनमध्ये एकेकटीला बोलावलं. आम्ही तिघी मिळून गेलो. एकेक या, ते म्हणाले. आम्ही तिथंच उभ्या राहिलो, कारण एकटी गेली असती तर प्रत्येकीनं माफी मागितली असती, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. शिपायानं आमच्या तोंडावर दार लावलं. मला फील्डवर्कमध्ये नापास केलं. त्या दोघींना जेमतेम काठावर सोडलं. माझी स्कॉलरशिप थांबली, खाट गेली.

मी घरी गेली नाही. सुनंदाच्या खाटेवर तिच्यासोबत झोपायची, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. रेक्टरबाईंना दिसत होतं, त्यांनी पाहिलं नाही. ज्यांनी हॉलमध्ये माना खाली घातल्या होत्या त्यांच्यातल्या कोणी कोणी न बोलता माझ्या ताटात पोळी टाकून जायच्या. पायरीवर आता दुसऱ्या खोल्यांतल्या पोरी यायला लागल्या, रांग खाली अंगणापर्यंत जायची. नियम एकच केला. इथं बोललेलं इथंच. मृणालही एकदा आली आणि सगळ्यांत मागं बसली. तिला कोणी हाकललं नाही. पण तिच्यापुढं बसायला मी गेली नाही, आणि तिचे केसही विंचरले नाहीत. लोकांना ऐकायचं असतं की मी तिला माफ केलं. मी केलं नाही.

वर्ष मी पुन्हा काढलं. मामा तांड्यातून यवतमाळला, कॉलेजवर येऊन बोंबलून गेला. आणि मग मी याडीला भेटायला गेली.

हॉलमधलं तिला कोणाकडून तरी कळलं होतं. मालकापर्यंत पण गेलं होतं, आणि तिला वेचणीला येऊ नको असा निरोप आला होता. ती चुलीपुढं बसली होती. मला वाटलं मारेल. आमच्या बोलीत ती फक्त एवढं म्हणाली की आता तो काय करेल आपलं, आणि लुगड्याच्या पदराला हात पुसत राहिली. तिनं मला शाबास म्हटलं नाही. म्हणायला काही कारणही नव्हतं, कामावरून तर ती गेली होती.

मी तिच्या मागं जाऊन बसली आणि तिची वेणी सोडली. विंचरता विंचरता तिला सांगितलं की मी त्या दवाखान्यात जाणार आहे. मालकाच्या ओसरीवर जाणार आहे. तो शब्द तुझा नव्हता, तो त्यानं तुझ्या तोंडात घातला होता, हे मी दोन्हीकडं सांगणार आहे. मग तिनं विचारलं की तुला भेव नाही वाटत का.

वाटतं. लय वाटतं. आजही असल्या माणसाच्या दारासमोर उभी राहिली की घाम फुटतो, आणि तोंड हो म्हणायलाच निघतं. ते भेव जाईल असं आता मला वाटत नाही, आणि ते जायची वाट मी पाहणार नाही. पण माझ्या बापाला दारुडा म्हणणारा कुठंही भेटला, वर्गात, दवाखान्यात, ओसरीवर, तर मी त्याला नाही म्हणणार. पाय कापले तर कापू देत. पुन्हा नापास केलं तर करू देत. आणि कोणाची माय माझ्या समोर येऊन बसली, तर तिला हो म्हणायला कोणी शिकवून पाठवलं आहे, हे मी आधी विचारणार.